२०३५ की २३५० : हिमनद्यांवरच्या एका लेखाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

आमचा वाचनवर्ग आठवड्यातून एकदा भरतो. महाविद्यालयात शिकणारी दहा-बारा मुलंमुली आणि मी. छापून आलेला एकच मजकूर घ्यायचा आणि दीड तास त्याच्यासोबत बसायचं, एवढंच काम. पहिला अर्धा तास मोबाइल बंद. हा नियम नव्यांना जाचक वाटतो, कारण शंका आली की हात आपोआप खिशाकडे जातो. पण बातमीतल्या कितीतरी चुका त्याच पानावर उघड्या पडलेल्या असतात, असं मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. एक आकडा दुसऱ्या आकड्याशी भांडत असतो, मथळ्याचं शेवटच्या परिच्छेदाशी पटत नसतं. ते भांडण ऐकू यायला थोडी शांतता लागते.

इथे सांगते आहे ते प्रकरण काही वर्षांपूर्वीचं. वृत्तपत्राचं नाव आणि मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मुद्दा कुणा एकाच्या फजितीचा नाही. त्या रविवारच्या पुरवणीत हिमालयातल्या हिमनद्यांवर पानभर लेख आला होता. मथळा होता, ‘२०३५पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होणार’. खाली तीन स्तंभ मजकूर, शेजारी आकड्यांची एक चौकट. भाषा ओघवती होती, विषय जिव्हाळ्याचा होता, आणि लेख लिहिणाऱ्याला त्या नद्यांची खरी काळजी होती हे वाक्यावाक्यातून जाणवत होतं.

वर्गातल्या एका मुलीने तो कापून आणला होता. चार दिवसांनी तिच्या महाविद्यालयात पर्यावरणावर भित्तिपत्रकांचं प्रदर्शन होतं आणि तिचं भित्तिपत्रक पूर्णपणे या लेखावर उभं होतं. मोठ्या लाल अक्षरांतलं ‘२०३५’ तिने आधीच रंगवून ठेवलं होतं. ‘मॅडम, तपासायचं काही नाही यात, फक्त भाषा बघू या,’ असं ती म्हणाली, आणि आम्ही वाचायला बसलो.

## अडचण कुठे दिसली

पहिली शंका एका अबोल मुलाला आली. त्याने दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि तो नुसता त्यांच्याकडे बघत बसला होता. पहिल्या स्तंभात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्यांनी सुमारे ३० लाख हेक्टर क्षेत्र व्यापलं आहे. चौकटीत लिहिलं होतं की हिमनद्यांचं क्षेत्र सध्याच्या ५ लाख चौरस किलोमीटरवरून २०३५ साली १ लाख चौरस किलोमीटरवर येईल.

एकीकडे हेक्टर, एकीकडे चौरस किलोमीटर. मापं वेगळी असली की डोळा दोन्ही आकडे मान्य करून पुढे सरकतो. मोठ्या आकड्यांच्या बाबतीत तर आपण ‘खूप’ एवढंच वाचतो. त्या मुलाने फळ्यावर हिशेब मांडला. एका चौरस किलोमीटरमध्ये १०० हेक्टर. म्हणजे ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. त्याच लेखात, हातभर अंतरावर, तेच क्षेत्र ५ लाख झालं होतं. जवळजवळ सतरापट.

यातला खरा कोणता? पुस्तक न उघडताही याचा अंदाज बांधता येतो, आणि ही गोष्ट मला मुलांना मनापासून शिकवायची असते. हिमालयाची लांबी साधारण २,४०० किलोमीटर, हे शाळेत शिकलेलं असतं. ५ लाखाला २,४०० ने भागलं तर दोनशेच्या वर येतात. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे किलोमीटर रुंदीचा सलग पट्टा फक्त हिमनद्यांचा असायला हवा. मग दऱ्या, जंगलं, गावं, रस्ते कुठे मावायचे? तीस हजाराचा आकडा त्या मानाने शहाणा वाटतो.

दुसरी विसंगती तर समोरच होती आणि आम्ही सगळेच तिच्यावरून दोनदा वाचून गेलो होतो. मथळा म्हणतो, २०३५पर्यंत नाहीशा होणार. चौकट म्हणते, २०३५ साली १ लाख चौरस किलोमीटर उरणार. नाहीशी झालेली वस्तू एक लाख चौरस किलोमीटर कशी उरेल?

तिसरी गोष्ट चौकटीच्या तळाशी. तिथे काही हिमनद्यांची मागे सरकण्याची नोंद होती: कोणत्या काळात किती मीटर, आणि सरासरी वर्षाला किती. गंगोत्रीसमोर १९८५ ते २००१, ३६८ मीटर, वर्षाला २३ मीटर. सोळा वर्षं, ३६८ भागिले १६, बरोबर २३. पिंडारीसमोर १८४५ ते १९६६, २,८४० मीटर, वर्षाला १३५.२ मीटर. एकशे एकवीस वर्षं, २,८४० भागिले १२१, साडेतेवीसच्या आसपास. १३५ कुठून आले?

एका मुलीने उलटा भागाकार केला. २,८४० भागिले १३५.२ म्हणजे २१. कुणीतरी १२१ ऐवजी २१ वर्षांनी भागलं होतं. शतक गळून पडलं होतं. आणि १३५ मीटर खरे धरले, तर १२१ वर्षांत पिंडारी सोळा किलोमीटरहून जास्त मागे जायला हवी होती, त्याच ओळीत २,८४० मीटर छापलेले असताना. चौकटीतले बाकीचे वार्षिक आकडे चाळिसाच्या आत होते आणि हा एकटाच त्यांच्या डोक्यावरून वर गेला होता. रांगेत एखादा आकडा असा उंच दिसला की आधी त्याच्याकडेच बघावं.

गंमत म्हणजे लेखकाने मजकुरात नेमका हाच आकडा उचलला होता: ‘पिंडारी हिमनदी दरवर्षी १३५ मीटरने मागे सरकत आहे.’ मूळ नोंद १९६६ साली संपते. ‘सरकत आहे’ हा वर्तमानकाळ कुठून आला? भागाकार दुसऱ्या कुणाचा चुकला असेलही, पण काळ बदलला तो लेखकाने.

अर्धा तास संपायला पाच मिनिटं होती आणि आमच्याकडे तीन विसंगती होत्या. भित्तिपत्रकवाली मुलगी गप्प झाली होती.

## कोणते पर्याय होते

मोबाइल सुरू झाले आणि वर्गात चार मतं झाली.

एका मुलाला लगेच लेखाचा फोटो लाल खुणांसह समाजमाध्यमांवर टाकायचा होता. त्याच्या मते चूक चव्हाट्यावर आली की दुरुस्ती आपोआप होते. दुसरं मत, संपादकांना पत्र लिहावं. तिसरं, भित्तिपत्रकातून आकडे काढून टाकावेत आणि विषय तिथेच संपवावा. शेवटी चार दिवसच उरले होते. चौथं मत त्या अबोल मुलाचं: आधी मूळ अहवाल बघू या. लेखात ‘संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अहवालानुसार’ असं म्हटलं होतं. कोणता अहवाल, कोणत्या वर्षाचा, याचा पत्ता नव्हता.

मी चौथ्या मताच्या बाजूने कौल दिला. त्यामागचं कारण स्पष्ट सांगायला हवं. आमच्याजवळ होता तो विसंगतीचा पुरावा. दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, एवढंच विसंगती सांगते. त्यातलं खोटं कोणतं, आणि चूक लेखकाची की त्याच्याही आधीची, हे ती सांगत नाही. त्या क्षणी फोटो टाकला असता तर ‘पत्रकाराने आकडे बनवले’ असा अर्थ निघाला असता. आणि तो अर्थ चुकीचा होता, हे पुढच्या वीस मिनिटांत कळलं.

## मूळ अहवाल हाती आला तेव्हा

तो अहवाल म्हणजे आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाचा, २००७ सालचा चौथा मूल्यांकन अहवाल. त्याच्या दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात आशियावरचं दहावं प्रकरण आहे आणि त्यात हिमालयातल्या हिमनद्यांवर एक छोटा विभाग. आम्ही तो उघडला आणि वर्गात शांतता पसरली. सगळं तिथेच होतं. ३० लाख हेक्टर. ५ लाखावरून १ लाख चौरस किलोमीटर. २०३५पर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याची मोठी शक्यता. तक्त्यात पिंडारी, १३५.२.

‘म्हणजे मॅडम, आपणच चुकलो?’ भित्तिपत्रकवाल्या मुलीने विचारलं. तिच्या आवाजात सुटकाही होती.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्या दृष्टीने हाच. एका पारड्यात शेकडो शास्त्रज्ञांनी मिळून केलेला अहवाल, ज्या संस्थेला त्याच वर्षी शांततेचं नोबेल अल गोर यांच्यासह विभागून मिळालं. दुसऱ्या पारड्यात फळ्यावरचा एक भागाकार. मुलं नावाकडे झुकली, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपणही बहुतेक वेळा तेच करतो, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असतं. आयपीसीसीचे अहवाल काळजीपूर्वकच तयार होतात. पण २,८४० भागिले १२१ याचं उत्तर कोण भागतंय यावर ठरत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, ‘फळ्यावरचा हिशेब चुकलाय का? चुकला असेल तर कुठे ते दाखवा.’ कुणालाही दाखवता आलं नाही. मग पुढे जाणं भाग होतं.

अहवालातल्या त्या वाक्याशेवटी कंसात स्रोत दिलेला होता: डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५. मुलांच्या तोंडून पहिल्यांदा आश्चर्य उमटलं ते इथे. पर्यावरण संस्थेचा अहवाल वाईटच असतो असं नाही, पण तो शास्त्रीय नियतकालिकातला शोधनिबंध नव्हे. त्या अहवालाचा माग काढत गेलं की ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातल्या १९९९ सालच्या एका वृत्तलेखापाशी पोहोचतो. म्हणजे वृत्तपत्राचा आधार आयपीसीसी, आयपीसीसीचा आधार एका संस्थेचा अहवाल, आणि त्याचा आधार पुन्हा बातमीच. साखळी लांब होती, पण तिच्या एकाही कडीत कुणी हिमनदी मोजलेली नव्हती.

५ लाख ते १ लाख या वाक्याची कथा आणखी वेगळी. रशियन हिमनदीतज्ज्ञ कोत्ल्याकोव यांच्या १९९६ सालच्या युनेस्कोच्या अहवालात जवळजवळ असंच वाक्य आहे. फरक दोन. तिथे विषय हिमालयाचा नाही, ध्रुवीय प्रदेशांबाहेरच्या सगळ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांचा आहे. ५ लाखाचा आकडा म्हणूनच एवढा मोठा. आणि साल आहे २३५०. तेच चार अंक, जागा बदललेले. तीनशे पंधरा वर्षांचा फरक.

आम्ही शोधत होतो ती दुरुस्तीही सापडली. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने हिमनद्यांवर एक चर्चापत्र प्रसिद्ध केलं. ते लिहिलं होतं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी. हिमनद्या मागे सरकत आहेत, पण असाधारण वेगाने नाहीशा होत असल्याचा पुरावा दिसत नाही, असा त्याचा सूर होता. आयपीसीसीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ते कडक शब्दांत फेटाळलं. मात्र जगभरच्या हिमनदीतज्ज्ञांनी २०३५ची मुळं खणून काढली आणि २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने निवेदन काढून खेद व्यक्त केला: ९३८ पानांच्या खंडातल्या त्या परिच्छेदात पुरेसा आधार नसलेले अंदाज आले, आणि पुराव्यासाठी संस्थेने स्वतः ठरवलेले निकष तिथे नीट पाळले गेले नाहीत.

एक तपशील मात्र मला आजही अस्वस्थ करतो. अहवालाचा मसुदा तपासणीसाठी फिरला होता, तेव्हा एका समीक्षकाने ‘नाहीशा होतील’ आणि ‘१ लाख उरेल’ यांतला विरोध लेखी नोंदवला होता. आमच्या वर्गाला पंचवीस मिनिटांत दिसलेली गोष्ट छपाईआधीच कुणीतरी दाखवली होती आणि ती तशीच पुढे गेली.

## घसरण्याची दुसरी वाट

एवढं हाती आल्यावर वर्गातला एकजण म्हणाला, ‘म्हणजे हे हिमनद्या वितळण्याचं सगळं थोतांडच.’ दोघांनी माना डोलावल्या.

मला हे अपेक्षित होतं, तरी त्याचा वेग पाहून मी चपापले. तासाभरापूर्वी जी मुलं छापील शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत होती, ती आता तितक्याच डोळे मिटून अविश्वास ठेवायला निघाली होती. चूक सापडण्याची एक नशा असते. ‘२०३५ खोटं’ यातून ‘वितळणं खोटं’ हे निघत नाही. ते वेगळं विधान आहे आणि त्याला त्याचा वेगळा पुरावा लागतो.

म्हणून आम्ही फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे पडलेली विधानं: २०३५ हे साल, ५ लाख चौरस किलोमीटर, पिंडारीचे वर्षाला १३५ मीटर, आणि जगात सर्वाधिक वेगाने हिमालयातल्याच हिमनद्या मागे हटत आहेत हा दावा, कारण त्यालाही आधार सापडला नाही. उजवीकडे टिकलेली: पिंडारी त्या काळात २,८४० मीटर मागे गेली, ही नोंद, गंगोत्री मागे जाते आहे, आणि एकंदर हिमनद्या आटत आहेत. उजव्या बाजूसाठी ताजा आधार म्हणून आम्ही काठमांडूच्या आयसीमोड या संस्थेचं २०१९ सालचं हिंदुकुश-हिमालयाचं मूल्यांकन घेतलं. त्यानुसार तापमानवाढ दीड अंश सेल्सियसवर रोखली तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत इथल्या हिमनद्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग जाईल, आणि उत्सर्जन आजच्यासारखंच चालू राहिलं तर सुमारे दोन तृतीयांश. थोतांड म्हणणारा मुलगा हे वाचून बराच वेळ काही बोलला नाही.

इथे मीही एका घसरड्या हिशेबाच्या जवळ गेले होते. गंगोत्रीची लांबी साधारण ३० किलोमीटर, वर्षाला २३ मीटर, म्हणजे संपायला तेराशे वर्षं, असं मी फळ्यावर मांडलं. विज्ञान शाखेच्या एका मुलीने लगेच अडवलं: ‘मॅडम, हिमनदी फक्त मुखाकडून आखूड होत नाही, वरून पातळही होते. आणि वेग कायम राहील हे कुणी सांगितलं?’ तिचं बरोबर होतं. तेराशेचा आकडा मी पुसला. २०३५ बसत नाही एवढं दाखवायला तो पुरे होता. त्यापुढे तो भाकीत म्हणून वापरला असता तर मीही नवीन २०३५च तयार केलं असतं.

## काय केलं

भित्तिपत्रकाचा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला. तिने लाल २०३५ ठेवलं, त्यावर काट मारली, आणि शेजारी साखळी काढली: १९९६, १९९९, २००५, २००७, २०१०. उजव्या कोपऱ्यात आयसीमोडचे दोन आकडे. रंगवलेला कागद वाया गेला नाही.

वृत्तपत्राला पत्र लिहायचं ठरलं, आणि पहिलं पत्र फसलं. चार पानं झाली होती. साखळीचा सगळा इतिहास, त्यावर पत्रकारितेच्या जबाबदारीविषयी एक परिच्छेद, शेवटी ‘वाचकांची दिशाभूल’ असे शब्द. शिवाय पक्की प्रत उतरवताना कुणीतरी ३० लाख हेक्टर म्हणजे ‘३ लाख चौरस किलोमीटर’ असं लिहिलं. फळ्यावर बरोबर केलेला हिशेब कागदावर दहापट झाला, आणि पाठवण्याआधी तो मी वाचूनही माझ्या नजरेतून सुटला. दुसऱ्याचा मजकूर वाचताना डोळा जागा असतो; आपला वाचताना मनातला मजकूरच वाचतो.

दहा दिवसांनी उत्तर आलं. पुरवणीच्या उपसंपादकांनी सभ्य भाषेत कळवलं की लेखातली सर्व आकडेवारी आयपीसीसीच्या अहवालातल्या संबंधित विभागाशी जुळवून पाहिली आहे आणि ती तंतोतंत जुळते. आणि जाता जाता, आमच्या पत्रातलं हेक्टरचं रूपांतर चुकलं असल्याचंही दाखवून दिलं.

मुलं खट्टू झाली, काही चिडलीही. पण त्यांचं उत्तर नीट वाचलं तर त्यात एक महत्त्वाची माहिती होती. त्यांच्या लेखी तपासणी म्हणजे लेखातला आकडा स्रोतातल्या आकड्याशी जुळणं. त्या अर्थाने त्यांनी काम चोख केलं होतं. आठवड्याच्या पुरवणीच्या घाईत एवढं करणारेही थोडे. स्रोतातला आकडा स्वतःशी जुळतो का, आणि स्रोताने तो नंतर मागे घेतला का, हे दोन प्रश्न त्यांच्या यादीत नव्हते. आमच्या चार पानांत ते प्रश्न होते, पण इतिहासाखाली आणि उपदेशाखाली गाडलेले.

दुसरं पत्र एका पानाचं. आधी आमच्या रूपांतराच्या चुकीची कबुली. मग तीन मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन ओळींत: आयपीसीसीने २०३५चा परिच्छेद २० जानेवारी २०१० च्या निवेदनात सदोष ठरवला आहे, ३० लाख हेक्टर आणि ५ लाख चौरस किलोमीटर एकत्र खरे असू शकत नाहीत, २,८४० भागिले १२१ केल्यास १३५ येत नाही. सोबत निवेदनाची प्रत. विशेषण एकही नाही. पाठवण्याआधी पत्र वर्गात नसलेल्या एका मुलाला वाचायला दिलं आणि त्याला प्रत्येक आकडा स्वतः करून बघायला सांगितला.

## निकाल

पुढच्या रविवारच्या पुरवणीत, आतल्या पानावर, तीन ओळींची दुरुस्ती आली. २०३५ हे साल आयपीसीसीने मागे घेतलेल्या मजकुरावर आधारित होतं, एवढंच त्यात होतं. क्षेत्रफळाचा आणि पिंडारीचा उल्लेख नव्हता. संकेतस्थळावर मथळा बदलला: ‘हिमालयातील हिमनद्या संकटात’. बदल केल्याची नोंद मात्र खाली नव्हती. उपसंपादकांना फोन केल्यावर दोन दिवसांत तीही टाकली गेली. फोनवर ते मोकळेपणाने बोलले. निवेदनाची प्रत समोर नसती तर त्यांना वरिष्ठांकडे हा विषय नेता आला नसता, असं ते म्हणाले. पहिल्या पत्रातही निवेदनाचा उल्लेख होता, तिसऱ्या पानावर. तिथपर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

पिंडारीबाबत त्यांचं म्हणणं, ‘अहवालात अजून तसंच छापलेलं आहे, आम्ही आमच्या मनाने आकडा कसा बदलू?’ यात तथ्य आहे. पत्रकाराने स्रोतातला आकडा गुपचूप सुधारणं हाही दोषच. पण तो आकडा वगळता आला असता, किंवा मूळ नोंद आणि काळ देऊन भागाकार वाचकावर सोडता आला असता. ‘सरकत आहे’ हे क्रियापद बदलायला तर कुणाच्याच परवानगीची गरज नव्हती. मी हे बोलले. त्यांनी मजकुरातलं ते वाक्य काढलं.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिलं पत्र रागाच्या भरात नाही, पण उत्साहाच्या भरात गेलं. संपादकाच्या टेबलावरच्या माणसाला काय लागतं, याचा विचार आम्ही केला नव्हता. त्याला हवा असतो एक निर्णय घेता येईल एवढा पुरावा, आणि तो पहिल्या पाच ओळींत. आता वर्गात कोणतंही दुरुस्तीपत्र एका पानापलीकडे जात नाही आणि आधारभूत कागद सर्वात वर जोडला जातो.

आम्ही लेखकाशी थेट बोलायला हवं होतं. आम्ही संपादकांना लिहिलं, आणि लेखकाला आपली चूक बहुधा वरून कळली. हिमनद्यांची कळकळ असलेला माणूस होता तो. त्याच्याकडून आयसीमोडच्या आकड्यांवर चांगला नवा लेख झाला असता. ती संधी गेली ती आमच्यामुळे.

वाचनाच्या क्रमातही एक बदल केला आहे. पूर्वी आम्ही विसंगती सापडली की स्रोताकडे जायचो. आता स्रोत सापडल्यावर तिथे न थांबता ‘याच्यानंतर काय झालं’ हा शोध वेगळा घेतो: त्याच संस्थेची नंतरची निवेदनं, शुद्धिपत्रं, पुढच्या आवृत्त्या. २००७ च्या अहवालावर बेतलेला लेख २०१० नंतर छापला जातो, तेव्हा मधली वर्षं कुणीतरी वाचायला हवीत.

आणि फळ्याचे दोन भाग मी पहिल्याच विसंगतीला करायला हवे होते, ‘थोतांड’ हा शब्द उच्चारला जाण्याची वाट न बघता. त्या मुलाला नंतर सावरता आलं. पण तो दिवसभर मित्रांना काय सांगत फिरला असेल, ते मला माहीत नाही.

एक काम राहून गेलं आहे. लेखातली चौकट संकेतस्थळावर चित्र म्हणून चढवलेली होती, त्यामुळे मजकूर सुधारला तरी ती तशीच राहिली. परवा त्या अबोल मुलाने तिचा फोटो पाठवला, एका शालेय स्पर्धेच्या सरावपत्रिकेत सापडलेला. प्रश्न होता: पिंडारी हिमनदी दरवर्षी सरासरी किती मीटर मागे सरकते? चार पर्यायांमध्ये १३५ होता, त्यावर बरोबरची खूण होती. २३ हा पर्यायच नव्हता. त्या सरावपत्रिकेच्या प्रकाशकांसाठी तो आता एका पानाचं पत्र लिहितो आहे.